दादूसच्या हळदीचं गणित

बारावीच्या गणिताच्या पुस्तकात खुर्च्या-टेबलं बनवणारा एक कारखानदार असतो. लाकूड त्याच्याकडे मोजकं, सुतारांचे तास मोजके, आणि किती खुर्च्या नि किती टेबलं केली म्हणजे जास्तीत जास्त नफा होईल हे त्याला कळत नाही. मी शिकत होते तेव्हा कळत नव्हतं, आज मी शिकवते तरी कळलेलं नाही. दरवर्षी नव्या पोरांना विचारत फिरतो. अरे बाबा, धंदा करतोस का चेष्टा करतोस? त्याच्या शेजारच्याच उदाहरणात एक आहारतज्ज्ञ बाई असतात, त्या माणसांना ‘अ’ आणि ‘ब’ असे दोनच पदार्थ खायला घालतात. अ म्हणजे भात का भाकरी, ब म्हणजे वरण का बोंबील, ते सांगत नाहीत. असल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा मी पिणार नाही.

या प्रकरणाचं नाव लिनियर प्रोग्रामिंग. पुस्तकी मराठीत त्याला रेषीय नियोजन म्हणतात म्हणे, पण अख्ख्या पनवेलात तो शब्द तोंडातून काढलेला माणूस मला भेटलेला नाही. सगळे एलपीपी म्हणतात. आत काय असतं, तर अटी. प्रत्येक अटीची आलेख कागदावर एक रेषा काढायची, रेषेची कुठली बाजू चालते ते बघायचं, आणि तिकडं पेन्सिलीने रेघोट्या मारायच्या. सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा जो तुकडा उरतो त्याला फिजिबल रीजन म्हणायचं, म्हणजे चालण्याजोगी जागा. त्या तुकड्याच्या कोपऱ्यांवर उत्तर सापडतं. झालं. कांदेपोहे करायला याच्यापेक्षा जास्त अक्कल लागते. तरीही हे प्रकरण वर्षानुवर्षं शिकवून ज्याला ते एकदाही कळलं नाही, असा एक माणूस मी जवळून बघितला आहे.

ते आमच्या क्लासचे सर. नवीन पनवेलला एका मिठाईच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. खाली मोठं फ्लेक्स. त्यात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि सरांचा फोटो दारापेक्षा मोठा. गॉगल डोक्यावर, वर्गातसुद्धा. बोलणं निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी, आणि मराठी फक्त रागवायला. आमचं नाव एका ज्युनियर कॉलेजात होतं, पण तिकडं आम्ही प्रॅक्टिकलला आणि फॉर्म भरायलाच जायचो. खरी बारावी या मिठाईच्या वासात व्हायची.

सर गणित शिकवायचे नाहीत, ट्रिक द्यायचे. ‘देखो बच्चा लोग, अट लहान असेल तर ओरिजिनच्या, मतलब झीरोच्या साइडला शेड मारायचं, मोठी असेल तर उलट्या साइडला. ग्राफ सुंदर काढायचा, मार्क सुंदर मिळतात.’ रेषेची ती बाजू का चालते, हे कुणी विचारलं की म्हणायचे, ‘बोर्ड वो नहीं पूछता.’ आणि दर तासाला एक वाक्य ठरलेलं, आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं. ‘पेपरात गणित आलंय म्हणजे त्याला आन्सर आहेच. आन्सर नाही आला, तर चूक तुमची.’ साठ पोरं हे ऐकून मान हलवायची. नंदीबैल बरे, त्यांना निदान गुबूगुबू ऐकून मान हलवायची असते.

मी रोडपालीची. आता तिकडं सेक्टर झाले, टॉवर झाले, पण मधोमध आमचं जुनं गाव अजून आहे. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, त्याबदली प्लॉट आले, आणि आमचे बाबा आधी रेती-विटा पुरवणारे नि मग बिल्डर झाले. तीन मजली बंगला. खाली दोन गाड्या. हॉलमध्ये सोफ्याचे दोन सेट, त्यांतल्या एकाचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. आणि अख्ख्या घरात लिहायला एक टेबल नाही. पुस्तकातला तो कारखानदार भेटला असता तर त्याचं एक टेबल तरी मी खपवलं असतं. मी आईच्या शिलाई मशीनच्या झाकणावर वही ठेवून बारावी केली. कुणाला ब्लाउज शिवायचा असला की माझा अभ्यास बंद.

मला पुढे गणितच करायचं होतं. बीएस्सी, मग एमएस्सी. बाबांनी हो म्हटलं होतं, पण अट घालून. ‘गनितात चांगले मार्क पडले त पुढं शिक. नाय पडले त बस झाला, घरात काय कमी हाय?’ घरात काही कमी नव्हतं हे खरंच, म्हणून तर भीती वाटायची. माझं सगळं एका पेपरावर येऊन उभं राहिलं होतं, आणि हे घरात फक्त मला आणि आईला माहीत होतं. बाबांना त्यांनीच घातलेली अट जेवून उठेपर्यंत आठवत नसायची.

दिवाळीनंतर सरांनी एलपीपीतलं एक गणित फळ्यावर घातलं आणि मला सोडवायला उभं केलं. मी रेषा काढल्या. एक अट म्हणत होती या रेषेच्या खालीच राहा. दुसरी म्हणत होती त्या रेषेच्या वरच राहा. आणि दुसरी रेषा पहिलीच्या चांगली वर. दोन्ही बाजूंना रेघोट्या मारल्या, मधे कोरा कागद राहिला. कुठंच गाठ नाही. मी दोनदा तपासलं आणि खडू ठेवला.

‘सर, याला उत्तर नाय,’ मी म्हणाले.

‘नाय?’ सर वर्गाकडं वळले. ‘नाय म्हणजे काय असतं? प्रॉपर बोल ना. नाही बोल, नो सोल्यूशन बोल. नाय क्या होता है?’

वर्ग हसला. मी म्हणाले, ‘नाही. याला उत्तर नाही. रीजनच तयार होत नाही.’

‘काय सांगितलंय मी? क्वेश्चन आला मतलब आन्सर असतोच.’ त्यांनी मी ठेवलेला खडू उचलला, दुसरी रेषा पुसली, बोटभर खाली ओढून परत काढली, आणि जिथं ती पहिलीला कापत होती तिथं मोठं टिंब दिलं. ‘हे बघ. आला ना रीजन? कॅल्क्युलेशन मिस्टेक होती तुझी.’ टिंबाचे आकडे समीकरणात टाकले, उत्तराला चौकट मारली. किती छान चौकट! चौकट मारण्यात त्या माणसाचा हात कुणी धरू शकणार नाही.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने पुस्तकाचं शेवटचं पान उघडून हळूच दाखवलं. तिथं छापलेलं होतं, उत्तर अस्तित्वात नाही. सरांनी पान बघितलं. क्षणभर सुद्धा चेहरा बदलला नाही.

‘मिसप्रिंट,’ सर म्हणाले. ‘सगळ्यांनी करेक्ट करून घ्या.’

आणि साठच्या साठ पोरांनी पेनं काढली, पुस्तकातलं बरोबर उत्तर खोडलं आणि त्याच्या जागी चुकीचं लिहिलं! नाचता येईना अंगण वाकडं, एवढं तरी ठीक. पण इथं पाहुण्यांनीच फावडी घेऊन अंगण उकरायला घेतलं. मला त्या दिवशी सरांचा जितका राग आला त्याच्या दुप्पट त्या पेनांचा आला. तास सुटल्यावर सर मला जिन्यात गाठून म्हणाले, ‘टेन्शन क्यों लेती है? तुम्ही लोक जमीनवाले. तुला काय करायचंय सोल्यूशन?’ वर हसले. मी सरळ जिना उतरले, कारण जे तोंडात आलं होतं ते आमच्या गावात सुद्धा बायका सगळ्यांदेखत बोलत नाहीत.

तोवर घरात दादूसचं लग्न ठरलं होतं. दादूस म्हणजे माझा थोरला भाऊ, एकुलता एक. मुलगी उरणकडची. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणूस चुकला तर चालतं, हळदीला चुकला तर पिढ्या बोलतात. सकाळपासून देवक, चूल, उखळ-मुसळ, मग दुपारी पंगती, संध्याकाळी हळद लावायची आणि नंतर बेंजो नि डीजे. मटण कमी पडलं तर ती बातमी उरणला पोचायच्या आधी अलिबागला पोचते. आणि नवऱ्याची बहीण म्हणजे करवली. तिने दिवसभर त्याच्या मागं उभं राहायचं, नटून, हातात कऱ्हा घेऊन. बसायचं नाही, कुठं जायचं नाही. दादूसला बहीण मी एकटीच.

परीक्षेचं वेळापत्रक आल्या दिवशीच मी फ्रिजवर चिकटवलं होतं. गणिताच्या पेपराला लाल गोल केला होता. त्या फ्रिजमधून घरातला प्रत्येक माणूस दिवसातून दहादा पाण्याची बाटली काढत होता. आणि बाबा तारीख पक्की करून आले ती नेमकी तीच. पेपराच्या दिवशी संध्याकाळी लग्न, आदल्या दिवशी हळद.

‘मैदान त्याच दिवशी मोकळा हाय, डीजेवाला पन त्याच दिवशी मोकळा हाय,’ बाबा म्हणाले. म्हणजे मैदान बघितलं, डीजे बघितला, भटजींना विचारलं. माझा लाल गोल तेवढा दिसला नाही. मी फ्रिजकडं बोट दाखवलं तर म्हणाले, ‘पेपर सकालचा ना? लगीन संदयाकालचा. सगला बसतंय.’

‘आणि हळद? आदल्या दिवशी मी अभ्यास कधी करू?’

‘वर्षभर काय केलास मग?’

दादूस सोफ्यावर, प्लास्टिकवाल्या, मोबाइल बघत होता. त्याने मान वर न करता सांगितलं, ‘करवलीबिगर हलद लागते का कदी? ती पायजेच.’ एवढं बोलून परत मोबाइलमध्ये घुसला. स्वतःच्या लग्नाबद्दल तो महिनाभरात बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. जिमला जाऊन दंड केवढे केले होते, पण परीक्षेचं वेळापत्रक वाचायला मान उचलायची ताकद नव्हती.

मी क्लासात सरांना सांगितलं. म्हटलं निदान ते तरी बाबांना फोन करतील. बाबा शिकलेल्या माणसाचं ऐकतात. सरांनी विचारलं, ‘तुझे पप्पा म्हणजे ते रोडपालीचे बिल्डर ना?’ मी हो म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. ‘अरे, फॅमिली फंक्शन आहे, अॅडजस्ट कर. शादी एक बार होती है.’ पेपर सुद्धा एकदाच होतो, हे त्यांना कोण सांगणार. गॉगल डोक्यावर असला म्हणजे डोकं आत असतंच असं नाही.

मग मला काय सुचलं देव जाणे. मी आलेख कागद घेतला. आडव्या अक्षावर अभ्यासाचे तास, उभ्या अक्षावर हळदीतले तास. पहिली अट, दोन्ही मिळून जागेपणीच्या तासांपेक्षा जास्त नाहीत. दुसरी अट, अभ्यास निदान एवढा हवा. तिसरी अट, करवली निदान एवढा वेळ उभी हवी. तिसरीसाठी मी आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘पहाटेपासून, त संपेपर्यंत.’ रेषा काढल्या, रेघोट्या मारल्या. खाली एक त्रिकोण, वर दूर कोपऱ्यात दुसरा तुकडा, आणि मधे कोरा कागद. क्लासातलंच गणित, फक्त आता त्यात मी होते.

कागद नेऊन बाबांसमोर धरला. बाबांनी चष्मा लावला, कागद उलटा केला, सुलटा केला.

‘ह्या प्लॉट कंचा?’

‘प्लॉट नाय बाबा. ह्यो माझा हळदीचा दिवस.’ आणि मी त्यांना सगळं समजावलं. खालचा तुकडा म्हणजे तास किती आहेत, वरचा म्हणजे तुम्ही सगळे मिळून किती मागताय. दोघांची गाठ पडत नाही. म्हणजे याला उत्तर नाही. एक अट काढावी लागेल.

खरं सांगते, बाबांना कळलं. सरांना जे कळलं नाही ते त्यांना चहा संपायच्या आत कळलं. जन्म हद्दी बघण्यात गेलेला माणूस तो, कुठली जागा कुठल्या जागेला लागत नाही हे त्यांना शिकवायला नको. त्यांनी वरच्या तुकड्यावर बोट ठेवलं, खालच्यावर ठेवलं, मान हलवली. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता म्हणतील, हळदीतून तुला सोडली.

‘मग ही रेघ जरा वर घे ना,’ बाबा म्हणाले.

‘ही? बाबा, ही दिवसाच्या तासांची रेघ आहे!’

‘हा, तीच. वर घे थोरी. बसतंय बघ.’

बाबांच्या धंद्यात रेघ ही बसून बोलायची गोष्ट. दोन माणसं भेटवली, जेवण घातलं की सरकते. सूर्य कधी उगवतो तेही कुणाशी तरी बोलून ठरवता येईल, असं त्यांना मनापासून वाटत असावं. मी कागद ओढून घेतला. मला रडू आलं आणि रडू आलं याचा संताप आला. एकाने फळ्यावरची रेषा पुसून खाली ओढली, दुसऱ्याने घरातली रेषा वर ढकलली. शिकलेला तसा, न शिकलेला असा. दोघांनाही आपापलं उत्तर आधीच ठाऊक होतं, गणित फक्त मला करायला लावलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं, काही बोलली नाही. आमच्या घरात आई काही बोलत नाही याचा अर्थ ती कबूल आहे असा सगळे घेतात. मीही तोच घेतला आणि तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

हळदीच्या दिवशी पहाटे मंडपवाले आले, बायका आल्या, उखळ धुऊन ठेवलं. माझी मोरपंखी साडी पलंगावर काढून ठेवलेली. मी आंघोळ करून आले तर साडी जागेवर नाही आणि आई माझी कॉलेजची सॅक घेऊन उभी.

‘निंग,’ ती म्हणाली. ‘मावशीला फोन केलाय. रातीला तिकडंच झोप, तिकडून पेपरला जा.’

‘आणि बाबा? आणि करवली?’

‘ते मी बघन. विचारला कोनी त सांगन, आतल्या खोलीत हाय. मागच्या दारान् जा, पुढं पावने हायेत.’ तिने माझ्या हातात डबा दिला आणि मला अक्षरशः ढकललं. जाता जाता मी खिडकीतून बघितलं. माझी चुलत बहीण माझी साडी नेसत होती, आई तिच्या निऱ्या धरून खाली बसली होती. पिनची पाकिटं, बांगड्या, गजरा, सगळं आधीच काढून ठेवलेलं. म्हणजे आईने हे आज ठरवलेलं नव्हतं. मी तिच्याशी बोलत नव्हते ते दोन दिवस ती हेच करत असणार.

मावशी नवीन पनवेलला राहायची, पण तिचं घर म्हणजे दोन खोल्या नि चार माणसं. दिवसभर अभ्यासाला मी क्लासात गेले. खाली बोर्ड लावला होता, गणिताच्या पेपराआधी दिवसभर डाउट सॉल्व्हिंग, सर स्वतः उपलब्ध. वर सात-आठ पोरं वह्या घेऊन बसलेली, तोंडं उतरलेली. सरांचा पत्ता नाही. काउंटरवरच्या मॅडमना विचारलं.

‘सर आज नाहीयेत गं. कुठंतरी मोठं फंक्शन आहे, रोडपालीला. बिल्डर आहेत म्हणे कुणी.’

मी एकदम हसत सुटले. मॅडमना वाटलं पेपराच्या भीतीने पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. अहो, काय सांगू! हा माणूस साठ पोरांचा पेपर तोंडावर टाकून आमच्याकडं मटण ओरपायला गेला होता, आणि ज्या घरची हळद ती मी त्याच्या क्लासात अभ्यासाला आले होते. मला सांगत होता, अॅडजस्ट कर. बघा, केलंच की अॅडजस्ट, त्याने पण आणि मी पण.

दुपारपर्यंत मी माझं करत बसले. मग एकेक जण वही घेऊन माझ्याकडं सरकायला लागला. कुणाचं इंटिग्रेशन अडलं, कुणाचं व्हेक्टर. शेवटी मी उठून फळ्यावरच गेले. एकाने ते एलपीपीचं गणित विचारलं, तेच, मिसप्रिंटवालं. मी दोन्ही रेषा जिथल्या तिथं काढल्या, मधली कोरी जागा दाखवली, तो कोरेपणाच उत्तर आहे म्हणून सांगितलं. हळूहळू, का ते सांगत सांगत. या वेळी कुणी हसलं नाही. मला वाटलं, पटलं.

‘पण लिहायचं काय?’ त्याने विचारलं.

‘लिही, उत्तर अस्तित्वात नाही.’

‘रिस्क आहे गं,’ तो म्हणाला. ‘सरांचंच लिहितो. निदान ग्राफचे मार्क मिळतील.’ आणि त्याने रेषा खोडून बोटभर खाली घेतली. मी खडू खाली ठेवला. गाढवापुढं वाचली गीता, दुसरं काय! अजूनही दर वर्षी माझ्या वर्गात असा एक तरी निघतोच, आणि तो मला हुशार पोरांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

त्या रात्री मी मावशीकडं शांत झोपले. सकाळी पेपर दिला. एलपीपी आलं होतं, अर्थातच खुर्च्या नि टेबलं. सरळ होतं, उत्तर होतं, मी चौकट सुद्धा मारली. पुढं निकाल लागला तेव्हा बाबांनी गावात पेढे वाटले. आज मी शिकवते तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘हलद चालू होती घरात, मीच बोल्लो पोरीला, तू जा, अभ्यास कर.’ आई बाजूला भाजी निवडत असते. तिच्या हातातली मेथी थांबत सुद्धा नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडायला उठले होते, तिनेच डोळ्यांनी बसवलं.

पण मला लग्नाची संध्याकाळ सांगायची आहे. पेपर देऊन मी मावशीबरोबर थेट उरणच्या मैदानावर गेले. आईने गर्दीतून मला ओढून घेतलं, मंडपामागे नेऊन चुलत बहिणीच्या अंगावरची मोरपंखी साडी माझ्या अंगावर चढवली, गजरा माझ्या केसात खोवला. बाबा समोरून गेले, ‘जेवलीस का?’ म्हणाले, आणि व्याह्यांकडं वळले. कालचं त्यांना ठाऊक होतं का नव्हतं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मी वाटेतच तयारी करून आले होते. दादूसला काय सांगायचं ते पाठ केलं होतं. त्याने भांडण काढलं तर काय बोलायचं, रुसला तर काय. त्याच्या हळदीला त्याची सख्खी बहीण नव्हती, आणि तरी हळद लागली, चांगली पिवळीधमक लागली, मग ते ‘ती पायजेच’ कशाला होतं, हे मला त्याला तोंडावर विचारायचं होतं.

मंगलाष्टकं झाली. फोटोसाठी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं. मी दादूसच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले. त्याने मान वळवून माझ्याकडं बघितलं. महिनाभरात पहिल्यांदाच, नीट, मायेने. डोळे पाणावलेले होते त्याचे.

‘काल दिसभर माज्या मागं उबी होतीस,’ तो म्हणाला. ‘जागची हालली नाय. पाय दुखतात का गं, बाय?’

फोटोवाला ओरडला, सगळ्यांनी इकडं बघा, हसा.

‘हा,’ मी म्हणाले. ‘दुखतात.’